आधी लिहून घ्या, मग रिप्ले दाखवा: दूरस्थ डिब्रीफिंग आणि कामगिरीचं मूल्यमापन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आणीबाणी हाताळण्याचं प्रशिक्षण तुम्ही संगणकावरच्या खेळातून देता. पूर्वी सगळे एका हॉलमध्ये खेळायचे आणि खेळ संपला की तिथेच खुर्च्या ओढून बोलायला बसायचे. आता खेळाडू आपापल्या ठिकाणाहून लॉगिन करतात. खेळ रंगतो, पण नंतरच्या व्हिडिओ कॉलवर सगळे मूग गिळून बसतात आणि प्रशिक्षक एकटाच तासभर बोलतो. त्यात वरून मागणी आली आहे की याच कॉलमधून प्रत्येकाच्या कामगिरीचा अहवालही निघाला पाहिजे. यासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, असं तुम्ही विचारलं आहे.

सॉफ्टवेअरचं शेवटी बघू, कारण घोडं तिथे अडलेलं नाही. अडलंय ते क्रमात. बहुतेक ऑनलाइन डिब्रीफमध्ये, म्हणजे खेळानंतरच्या या चर्चेत, प्रशिक्षक आधी रिप्ले (खेळाचं चित्रण) लावतो, वर स्कोअर दाखवतो आणि मग विचारतो, "बोला, काय वाटतं?" तोवर वाटण्यासारखं काही उरलेलंच नसतं. काय घडलं ते सगळ्यांनी पाहिलं, कोणाचं चुकलं तेही पाहिलं. आता बोलायचं म्हणजे एक तर कबुली द्यायची नाहीतर सारवासारव करायची. दोन्हीपेक्षा म्यूट राहणं सोपं.

माझा सगळा सल्ला एका नियमावर उभा आहे. खेळ संपल्याबरोबर प्रत्येकाकडून लिहून घ्यायचं, आणि ते हातात आल्याशिवाय रिप्ले दाखवायचा नाही, स्कोअर सांगायचा नाही आणि स्वतःचं मतही द्यायचं नाही.

कारण पश्चातबुद्धी. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना १८१४ च्या इंग्रज-गुरखा संघर्षाची हकीकत वाचायला दिली होती. काहींना सांगितलं की शेवटी इंग्रज जिंकले, काहींना सांगितलं की गुरखे जिंकले, काहींना तिसराच शेवट, आणि काहींना शेवट सांगितलाच नाही. मग वेगवेगळ्या शेवटांची शक्यता किती वाटते ते विचारलं. ज्यांना जो शेवट सांगितला होता, त्यांना तोच जास्त संभाव्य वाटला, आणि आपला अंदाज त्या माहितीमुळे सरकलाय याचा त्यांना फारसा पत्ताही नव्हता. रिप्ले पाहिलेल्या खेळाडूचं नेमकं हेच होतं. वारा बदललाय हे नकाशावर दिसल्यावर 'मला तेव्हा काय दिसत होतं' हे त्याला प्रामाणिकपणे आठवूनही सांगता येत नाही. आठवण आणि निकाल एकमेकांत मिसळून गेलेले असतात. म्हणून आठवण आधी कागदावर यायला हवी.

हॉलमध्ये हे काम आपोआप व्हायचं. खेळ थांबला की लोक उठता उठता बोलायला लागायचे: "अरे, ती गाडी तू तिकडे कशाला पाठवलीस?" "मला कुठे माहीत होतं?" डिब्रीफ सुरू होण्याआधीच अर्धी माहिती हवेत असायची आणि जाणता प्रशिक्षक चहाचा कप हातात धरून ती ऐकत असायचा. ऑनलाइनमध्ये खेळाची खिडकी बंद होते, कॉलची उघडते, मध्ये काहीच नाही. ही मधली जागा तुम्हाला मुद्दाम बांधावी लागते. लिहून घेणं म्हणजे ती जागा.

फॉर्म छोटा ठेवा. पाच-सात मिनिटं, कॅमेरे-माइक बंद, तीन प्रश्न. खेळाला वळण देणारा एक क्षण कोणता वाटला आणि तो साधारण कितव्या मिनिटाला होता? त्या क्षणी तुम्हाला नक्की काय माहीत होतं आणि तुम्ही काय गृहीत धरलं होतंत? कोणाकडून काय हवं होतं जे मिळालं नाही? 'काय चुकलं' हा प्रश्न मी मुद्दाम ठेवत नाही. तो विचारला की उत्तरं एकतर 'संवाद वाढवायला हवा' अशी गुळगुळीत येतात किंवा लोक दुसऱ्याकडे बोट दाखवतात. गृहीत काय धरलं होतं हे विचारलं की माणूस सांगतो, कारण त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

हे प्रत्यक्षात कसं चालतं त्याचा एक नमुना देतो. खेळ आहे रासायनिक कारखान्यातल्या वायुगळतीचा. चार खेळाडू चार ठिकाणी: नियंत्रण कक्ष, मैदानावरची तुकडी, साधनसामग्री, जनसंपर्क. लॉग, म्हणजे खेळाने आपोआप ठेवलेली नोंद, सांगतो की बाराव्या मिनिटाला वारा बदलल्याचा संदेश नियंत्रण कक्षाच्या स्क्रीनवर आला आणि चौदाव्या मिनिटाला नियंत्रण कक्षाने अग्निशमनाची दुसरी गाडी उत्तरेच्या गेटला पाठवली, म्हणजे थेट धुराच्या दिशेने. स्कोअरमध्ये घसघशीत गुण कापले गेले. रिप्ले आधी लावला असता तर निष्कर्ष ठरलेला होता: नियंत्रण कक्षाने संदेश पाहिला नाही.

फॉर्ममध्ये मात्र नियंत्रण कक्षातल्या बाईंनी लिहिलंय: 'वारा फिरलेला माहीत होता, पण दक्षिणेचा रस्ता बंद असल्यामुळे दुसरा पर्याय नव्हता.' मैदानावरच्या तुकडीने लिहिलंय: 'गाडी उत्तरेला का आली कळलं नाही, दक्षिणेकडून लहान गाडी येऊ शकली असती.' ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की डिब्रीफचा विषय हातात आला. आता प्रशिक्षक विचारतो:

"मॅडम, बाराव्या मिनिटाला वाऱ्याचा संदेश आला, चौदाव्याला गाडी उत्तरेला निघाली. धूर त्याच बाजूला जात होता म्हणून मला काळजी वाटली. त्या वेळी तुमच्यासमोर चित्र काय होतं?"

"मला दहाव्या मिनिटाला कळवलं होतं की दक्षिणेचा रस्ता बंद आहे."

(मैदानावरच्या तुकडीला) "सर, 'बंद' तुम्ही कशासाठी म्हणालात?"

"मोठ्या गाडीसाठी. टँकर आडवा होता ना. लहान गाडी निघाली असती."

"मॅडमना हे माहीत होतं?"

"... नाही. मी नुसतं 'बंद' म्हटलं."

आता ध्वनिमुद्रणाचा तो वीस सेकंदांचा तुकडा ऐकवायचा. 'दक्षिण बंद, ओव्हर.' 'ठीक आहे.' बस्स. कोणालाही दोष न देता गटाला कळतं की रस्ता कोणासाठी बंद आहे हे सांगायची पद्धतच त्यांच्याकडे नाही, आणि ऐकणाऱ्यानेही ते विचारलं नाही. हा धडा लॉगमध्ये कुठेच नव्हता. लॉगमध्ये फक्त 'संदेश आला' आणि 'गाडी गेली' एवढंच होतं.

प्रशिक्षकाच्या त्या पहिल्या वाक्याची घडण बघा. आधी पाहिलेली गोष्ट वेळेसकट, मग त्याबद्दलचं स्वतःचं मत उघडपणे, आणि मग खरा प्रश्न. वैद्यकीय सिम्युलेशनच्या क्षेत्रात जेनी रुडॉल्फ, रॉबर्ट सायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ही रीत नीट मांडली. मत लपवून 'तुम्हाला काय वाटतं, उत्तरेला पाठवणं योग्य होतं का?' असं विचारलं की खेळाडू लगेच ओळखतो की उत्तर ठरलेलं आहे आणि आपली परीक्षा चालू आहे. व्हिडिओ कॉलवर तर हे जास्तच बोचतं, कारण चेहरा अर्धवट दिसतो आणि आवाजातली सहानुभूती वाटेत गळून पडते.

लिहून घेण्याची ताकद सगळ्यात स्पष्ट दिसते ती बिअर गेममध्ये. एमआयटीमध्ये १९६० च्या दशकात तयार झालेला हा पुरवठा साखळीचा खेळ आजही व्यवस्थापनाच्या वर्गांत खेळतात. किरकोळ विक्रेता, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना अशा चार भूमिका. एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त ऑर्डर पाठवायची. पडून राहिलेल्या मालाच्या प्रत्येक पेटीला आठवड्याला अर्धा डॉलर खर्च, न भागवलेल्या मागणीच्या पेटीला एक डॉलर. थोड्याच वेळात ऑर्डरी आकाशाला भिडतात, मग साठे तुंबतात, आणि सगळ्यांची खात्री पटते की गिऱ्हाईक लहरी आहे. डिब्रीफमध्ये, काहीही उघड करण्याआधी, विक्रेता सोडून बाकीच्यांना सांगतात की गिऱ्हाइकाची मागणी आठवड्यागणिक कशी बदलली असेल त्याची रेघ काढा. लोक डोंगर-दऱ्या काढतात. मग खरी रेघ दाखवतात: आठवड्याला चार पेट्या, पाचव्या आठवड्यापासून आठ, आणि शेवटपर्यंत आठच. लाटा गिऱ्हाइकाने आणल्याच नव्हत्या, साखळीतल्या विलंबाने आणि खेळाडूंच्या स्वतःच्या निर्णयांनी आणल्या होत्या. हातात स्वतः काढलेला डोंगर नसेल तर ती सपाट रेघ पाहून माणूस म्हणतो, 'हं, मला वाटलंच होतं.' दूरस्थ पद्धतीत हा भाग हॉलपेक्षा सोपा जातो. सामायिक व्हाइटबोर्डवर प्रत्येकाला आपापली रेघ काढायला सांगा, पण दुसऱ्याच्या रेघा सगळ्यांच्या पूर्ण होईपर्यंत झाकून ठेवा.

आता कॉलबद्दल. लोक का बोलत नाहीत याचं एक कारण निव्वळ यांत्रिक आहे. समोरासमोरच्या बोलण्यात एकाचं संपल्यावर दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी साधारण २०० मिलिसेकंदांचं अंतर असतं. दहा भाषांची तुलना करून २००९ मध्ये हे दाखवलं गेलं. दुसरीकडे, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे की आवाजाचा एकेरी विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, म्हणजे चांगल्या जोडणीतही या नाजूक तालाची मोडतोड होते. दोघं एकदम बोलतात, दोघंही थांबतात, 'तुम्ही बोला', 'नाही नाही, तुम्ही', आणि दोन-तीनदा असं झालं की लोक नाद सोडतात. यावर उपाय म्हणजे क्रम आधीच जाहीर करणं: "पहिल्यांदा मैदान, मग साधनसामग्री, मग जनसंपर्क, शेवटी नियंत्रण कक्ष." ज्याच्याकडे सगळ्यांच्या नजरा लागल्यात त्याला शेवटी ठेवा आणि हुद्द्याने मोठ्या माणसाला पहिला नंबर कधीच देऊ नका. साहेब बोलले की विषय संपतो.

दुसरं म्हणजे थांबायला शिका. शाळांमधल्या निरीक्षणांतून मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद वाट बघतात, आणि हीच वाट तीन सेकंदांवर नेली की उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात. ऑनलाइनमध्ये त्यात जोडणीचा विलंब आणि म्यूट काढण्याची खटपट मिळवा. मी नवीन प्रशिक्षकांना सांगतो, प्रश्न विचारून स्वतःला म्यूट करा आणि मनात दहापर्यंत मोजा. पहिल्यांदा ते दहा सेकंद जीव खातात. पण बहुतेक वेळा सात-आठच्या आसपास कोणीतरी बोलतंच.

कॅमेऱ्याची सक्ती करू नका. ज्याची जोडणी कच्ची आहे त्याच्यासाठी कॅमेरा म्हणजे आवाजाचा बळी. मी एवढंच सांगतो की पहिल्या फेरीपुरता, जमत असेल तर, चेहरा दाखवा. सक्ती करा ती एका वेगळ्या गोष्टीची: कॉलवर जो कोणी आहे तो नावानिशी आणि कारणासकट सगळ्यांना माहीत असला पाहिजे. कोपऱ्यात काळ्या चौकटीत बसलेला, नुसतं 'अतिथी' नाव असलेला वरिष्ठ अधिकारी एकटाच अख्खा डिब्रीफ बंद पाडतो. खेळाडू त्याला ओळखतातच, आणि मग ताकास तूर लागू देत नाहीत.

प्रशिक्षकाबरोबर दुसरा माणूस हवाच. हॉलमध्ये एकट्याने निभावतं, ऑनलाइन नाही. एक बोलतो, दुसरा रिप्ले शोधून ठेवतो, चॅट वाचतो, कोण गप्प झालंय ते बघतो आणि खाजगी संदेशातून सांगतो: 'साधनसामग्रीवाले दहा मिनिटं बोललेले नाहीत.' हाच माणूस खेळ चालू असताना निरीक्षक असतो आणि महत्त्वाच्या क्षणांवर बुकमार्क टाकतो. दोन तासांच्या खेळाला पाच-सहा बुकमार्क पुरे. पंचवीस टाकलेत तर डिब्रीफमध्ये त्यातलं काहीच नीट होणार नाही.

रिप्लेचं प्रमाण कमी ठेवा. जॉर्जेस सावोल्डेली आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये भूलतज्ज्ञ होऊ घातलेल्या डॉक्टरांवर केलेल्या चाचणीत तोंडी चर्चेत व्हिडिओची भर घातल्याने जास्तीचा फायदा दिसला नाही. याचा अर्थ व्हिडिओ निरुपयोगी असा मी घेत नाही. त्याचं काम वाद मिटवण्याचं आहे, शिकवण्याचं नाही, असा घेतो. दोन फॉर्म एकमेकांशी जुळत नसतील तिथेच रिप्ले लावा. तीस-चाळीस सेकंद, मग स्क्रीन शेअर बंद. शेअर चालू ठेवला की चेहरे टाचणीच्या डोक्याएवढे होतात आणि लोक प्रेक्षक बनतात.

रिप्ले कोणाच्या नजरेतून दाखवायचा हे त्याहून महत्त्वाचं. बहुतेक खेळांत वरून सगळं दिसणारा नकाशा असतो आणि प्रशिक्षकाला तोच आवडतो. पण खेळाडूने तो कधी पाहिलेलाच नसतो. म्हणून आधी त्याच्या स्क्रीनवर त्या वेळी जे होतं ते दाखवा, धुरासकट, उघडलेल्या सात खिडक्यांसकट. मग शेजारच्या खेळाडूची स्क्रीन. वरचा नकाशा सगळ्यात शेवटी. या क्रमाने दाखवलं की 'एवढं साधं कसं दिसलं नाही' हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण ते का दिसलं नाही हे आधीच दिसलेलं असतं.

एक तांत्रिक गोष्ट इथेच सांगतो, कारण तिच्यापायी पुष्कळ डिब्रीफ वाया जातात. वेगवेगळ्या संगणकांची घड्याळं जुळत नाहीत. खेळाचा लॉग सर्व्हरच्या वेळेने, आवाजाचं रेकॉर्डिंग कॉलच्या वेळेने, निरीक्षकाच्या नोंदी त्याच्या मनगटावरच्या घड्याळाने. चाळीस सेकंदांचा फरक असला तरी 'आधी संदेश आला की आधी गाडी गेली' यावर भांडण होतं, आणि कारणाचा सगळा शोध त्या एका प्रश्नावर असतो. सगळ्या नोंदी सर्व्हरच्या वेळेला बांधा. ते जमत नसेल तर खेळ सुरू करताना आवाजाच्या वाहिनीवर मोठ्याने 'तीन, दोन, एक, सुरू' म्हणा आणि त्याच क्षणी खेळात एखादी दिसणारी कृती करा. नंतर दोन्ही रेकॉर्डिंग त्या खुणेवर जुळवता येतात. आणि शक्य असेल तर प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर घ्या, नाहीतर नेमकं महत्त्वाच्या वेळी तिघं एकदम बोललेले असतात.

नोंद आणि आठवण दोन्ही लागतात याचं मोठं उदाहरण सैन्याचं आहे. अमेरिकी सैन्याने १९७० च्या दशकात कृतीनंतरचा आढावा ही पद्धत बसवली. कॅलिफोर्नियातल्या फोर्ट अर्विनच्या प्रशिक्षण केंद्रात लेझरच्या यंत्रणेमुळे कोणी कोणाला टिपलं यावर वाद घालायची सोय राहिली नाही, आणि मग चर्चा 'का' कडे वळू शकली. पुढे आखाती युद्धातली, २६ फेब्रुवारी १९९१ ची ७३ ईस्टिंगची रणगाड्यांची लढाई संगणकात पुन्हा उभी केली, तेव्हा लढलेल्या सैनिकांच्या मुलाखती घेऊनच ती उभी करावी लागली. नुसत्या यांत्रिक नोंदींवर भागलं नाही.

आता तुमच्या अहवालाच्या मागणीबद्दल. इथे मी स्पष्टच सांगतो: एकाच बैठकीत दोन्ही होणार नाही. गुण मिळणार आहेत म्हटल्यावर कोणीही 'मी नुसतं बंद म्हटलं' असं सांगणार नाही. डिब्रीफ आणि मूल्यमापन वेगळ्या दिवशी ठेवा, जमल्यास वेगळ्या माणसांकडे द्या. फॉर्म आणि डिब्रीफमधलं बोलणं मूल्यमापनात वापरलं जाणार नाही हे खेळाच्या आधी लेखी कळवा आणि ते पाळा. खेळाचा लॉग मूल्यमापनाला वापरा, डिब्रीफचं रेकॉर्डिंग करूच नका. एकदा जरी 'त्या दिवशी तुम्हीच म्हणाला होतात' असं वाक्य पगारवाढीच्या बैठकीत आलं की पुढचे सगळे फॉर्म कोरे येतील.

अहवाल मागणाऱ्यांना दाखवायला दोन गोष्टी उपयोगी पडतात. स्कॉट टॅनेनबॉम आणि क्रिस्टोफर सेरासोली यांनी २०१३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा नीट घेतलेल्या डिब्रीफने कामगिरी सरासरी २० ते २५ टक्क्यांनी सुधारते असं निघालं. उलट, अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरच्या अभ्यासांतले ६०७ परिणाम तपासले, तर एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्राय दिल्यावर कामगिरी चक्क घसरली होती. माणसाचं लक्ष कामावरून उठून स्वतःवर गेलं की असं होतं, हे त्यांचं स्पष्टीकरण. 'नियंत्रण कक्षाला ४२ गुण' हा आकडा लक्ष स्वतःवरच नेतो.

तरीही मूल्यमापन करायचंच असतं, आणि ते नीट करता येतं. खेळाचा स्कोअर म्हणजे कामगिरी नव्हे, इथून सुरुवात करा. स्कोअरमध्ये नशीब असतं, खेळाच्या नियमांच्या पळवाटा असतात, आणि संगणकावर हात किती बसलाय तेही असतं. चांगला निर्णय घेऊन वाईट निकाल आलेला खेळाडू आणि वाईट निर्णय घेऊन तरलेला खेळाडू यांना स्कोअर उलटे गुण देतो. त्यामुळे निर्णय तपासायचा तो त्या क्षणी हाताशी असलेल्या माहितीवर, आणि ती माहिती लॉगमधून काढायची.

मोजपट्टी वर्तनाच्या भाषेत लिहा. 'संवादकौशल्य: ५ पैकी ३' याला काही अर्थ नाही. 'महत्त्वाचा संदेश मिळाल्यावर परत म्हणून दाखवला: नेहमी, कधीकधी, क्वचित' हे दोन वेगवेगळी माणसं रिप्ले बघून सारखंच भरू शकतात. भरू शकतात का हे तपासा मात्र. दोन परीक्षकांनी एकमेकांशी न बोलता तोच रिप्ले पाहून गुण द्यायचे, मग तुलना करायची. दोघांत मोठा फरक पडला तर दोष बहुधा मोजपट्टीत असतो. परीक्षकांनाही लेखी-आधी हाच नियम. आणि एका खेळावरून माणसाबद्दल निष्कर्ष काढू नका. निदान तीन-चार वेगळे प्रसंग, शक्य तर वेगळ्या भूमिकेत.

काय मोजू नये तेही सांगतो, कारण ऑनलाइन साधनं हे आकडे फुकट देतात आणि फुकट मिळालेला आकडा अहवालात घुसतोच. किती क्लिक, किती मिनिटं बोलला, कॅमेरा किती वेळ चालू होता, चॅटमध्ये किती संदेश: यातलं काहीही कामगिरी सांगत नाही. कळवलेल्या चुकांची संख्या तर मुळीच नाही. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांत औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. चांगले परस्परसंबंध असलेल्या विभागांत नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या, आणि त्याचं संभाव्य कारण असं पुढे आलं की तिथे लोक चूक झाकत नव्हते. तुमच्या फॉर्ममध्ये ज्या गटाने सगळ्यात जास्त गफलती लिहिल्या त्याला खालचा नंबर दिलात तर हात दाखवून अवलक्षण होईल.

खेळाडू वेगवेगळ्या वेळांत काम करत असतील तर सगळं समोरासमोर घेण्याचा हट्ट नको. फॉर्म, वेळेची खूण असलेल्या रिप्लेवरच्या टिप्पण्या, तथ्यांची जुळवाजुळव हे ज्याच्या त्याच्या सवडीने होऊ शकतं. सिल्व्हन बोए आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या चाचणीत तर व्हिडिओच्या मदतीने स्वतःच स्वतःचं डिब्रीफ केलेल्यांची सुधारणा प्रशिक्षकाने डिब्रीफ केलेल्यांइतकीच झाली. पण ती व्यक्तीची कौशल्यं होती. दोघांमधली गफलत, वर दिलेल्या 'बंद' सारखी, लेखी टिप्पण्यांत सुटत नाही, उलट चिघळते. तेवढ्यासाठी वीस-पंचवीस मिनिटांचा का होईना, एकत्र कॉल ठेवाच.

कॉल संपण्याची पद्धतही ठरवून ठेवा. हॉलमधून लोक बरोबर बाहेर पडतात. ऑनलाइन 'बाहेर पडा' दाबलं की ज्याचा खेळ वाईट झाला तो क्षणात खोलीत एकटा असतो. प्रशिक्षकाने नंतर दहा मिनिटं कॉल उघडा ठेवावा आणि त्या माणसाला आधीच खाजगी संदेश टाकावा, 'थोडं थांबता का?' बहुतेक थांबतात.

सॉफ्टवेअर: खेळाडूच्या नजरेतून रिप्ले दाखवता आला पाहिजे, बुकमार्क टाकता आले पाहिजेत आणि लॉग उघड्या स्वरूपात बाहेर काढता आला पाहिजे. या तीन गोष्टी नसतील तर बाकीच्या चमकदार डॅशबोर्डचा उपयोग नाही. शिकण्याच्या नोंदी एका प्रणालीतून दुसरीत न्यायच्या असतील तर एक्सएपीआय, म्हणजे अशा नोंदींचं ठरलेलं सामायिक स्वरूप, त्यात चालतं का ते विक्रेत्याला विचारा. फॉर्मला कोणतंही साधं ऑनलाइन साधन चालेल. बोलण्याचा आपोआप मजकूर करणारी साधनं आवाजाच्या रेकॉर्डिंगमध्ये एखादी जागा शोधायला बरी. त्यांनी काढलेला 'सारांश' खेळाडूंना पाठवू नका, कोणी काय म्हणालं याची सरमिसळ त्यात हमखास होते.

सुरुवात लहान करा. चार जणांचा गट, वीस-पंचवीस मिनिटांचा खेळ, लगेच फॉर्म, दहा मिनिटं सुट्टी, आणि चाळीस-पन्नास मिनिटांचं डिब्रीफ. त्यातून एकच बदल ठरवा, जसं 'रस्ता बंद म्हणताना कोणासाठी ते सांगायचं', आणि दोनेक आठवड्यांत तोच प्रसंग वेगळ्या वेषात पुन्हा खेळवा: कारखान्याऐवजी बोगदा, वाऱ्याऐवजी पाणी. आणि या पहिल्या फेरीचा वैयक्तिक अहवाल मिळणार नाही, हे वरिष्ठांना खेळाच्या आदल्या दिवशी नव्हे, आत्ताच मेल करून कळवा.